दहशतीला इंग्रजीत काय म्हणतात

उल्हासनगरच्या कोर्टापासून हाकेच्या अंतरावर धर्मेशचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्या दुकानाच्या दारातली साडेतीन फूट जागा गेली एकतीस वर्षं वृंदा टिपणीस यांची आहे. एक टेबल, एक खुर्ची, गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि डोक्यावर पत्र्याची पाटी: 'मराठी-इंग्रजी भाषांतर अचूक करून मिळेल'. यातला 'अचूक' रंगाऱ्याने आपल्या मनाने घातला होता. वृंदाताईंना तो आधी आगाऊपणा वाटला, मग आवडला आणि पुढे पुढे तर आपण त्या एका शब्दासाठीच रोज अंबरनाथहून रिक्षाने येतो असं त्यांना वाटायला लागलं.

सुखी बाई होती. असं सरळ लिहिलं की लोकांना खोटं वाटतं, पण होती खरी. सकाळी साडेदहाला टेबल पुसायचं, धर्मेशच्या मशीनची घरघर ऐकत पहिला चहा घ्यायचा आणि मग कुणाचं खरेदीखत, कुणाचा जन्मदाखला, कुणाची पोलिसातली फिर्याद मराठीतून इंग्रजीत न्यायची. 'सबब', 'मजकूर इसम', 'चतुःसीमा' असले जुने शब्द समोर आले की त्यांचा चेहरा खुलायचा. नवरा हेमचंद्र अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, "टिपणीस आडनाव माझं, आणि टिपणं काढतेस तू. आमच्या पूर्वजांनी तुझ्यासाठीच नाव राखून ठेवलं होतं." हा विनोद तो वर्षातून चारदा करायचा आणि वृंदाताई चारही वेळा हसायच्या.

कोर्टातले वकील म्हणायचे, टिपणीस मॅडमचा शिक्का असला की कागद तपासायचं काम नाही. एकतीस वर्षांत एकही कागद परत आला नव्हता. वृंदाताईंना याचा गर्व होता. त्या त्याला समाधान म्हणायच्या, पण गर्वच होता तो.

तो उतरला जुलैच्या एका मंगळवारी, आणि उतरवायला आली मोतीबाई भोईर.

मोतीबाई अंबरनाथच्या एमआयडीसीला लागून असलेल्या गावातली. गावची शेतं एमआयडीसीत गेली तेव्हा सासऱ्याला मोबदल्यात एक चिमुकला प्लॉट मिळाला. त्यावर मोतीबाईने पत्र्याची शेड घातली आणि आसपासच्या कारखान्यांसाठी पुठ्ठ्याचे खोके बनवायला सुरुवात केली. गावातल्याच नऊ बायका कामाला. शेडीच्या मागे चार टवाळ पोरं प्यायला बसत. मोतीबाईने एकदा त्यांच्यावर बादलीभर पाणी फेकलं आणि मागच्या फाटकाला कुलूप घातलं. पुढच्या रविवारी दुपारी, शेड बंद असताना, त्या चौघांनी कुलूप तोडलं, काचा फोडल्या, पुठ्ठ्याला पन्हळ पाडणारं मशीन दांडक्यांनी झोडपलं आणि कागदाच्या रिळांना काडी लावली. निम्मी शेड गेली. पोरं दुसऱ्याच दिवशी पकडली गेली. विमा होता, म्हणून मोतीबाईने हाय खाल्ली नाही. फिर्यादीचं इंग्रजी भाषांतर वृंदाताईंकडूनच करून घेतलं, ते विमा कंपनीला गेलं, आणि आता तीन महिन्यांनी कंपनीचं उत्तर घेऊन मोतीबाई स्टुलावर बसली होती.

"बाय, यो कागूद आयलाय कंपनीचा. काय लिवलाय तं सांग."

वृंदाताईंनी चष्मा चढवला. पत्र दोन पानी, इंग्रजी गुळगुळीत. पहिल्या परिच्छेदात खेद होता, दुसऱ्यात पॉलिसीचा नंबर होता आणि तिसऱ्यात लिहिलं होतं की अतिरेकी कृत्यांमुळे झालेलं नुकसान आपल्या पॉलिसीत वगळलेलं आहे. त्यासाठीचं वेगळं संरक्षण आपण घेतलेलं नाही. आणि सोबत जोडलेल्या प्रमाणित भाषांतरानुसार आरोपींनी हे कृत्य परिसरात 'टेरर' पसरवण्यासाठी केलं होतं. टेरर हा शब्द अवतरणचिन्हात होता. खाली भाषांतरकाराचं नाव होतं, व्ही. एच. टिपणीस.

वृंदाताईंनी ते नाव दोनदा वाचलं. शब्द त्यांचा होता. फिर्यादीत मराठीत होतं, 'परिसरात दहशत माजवून'. त्यांनी त्याचं जे करायचं तेच केलं होतं, एकतीस वर्षं करत आल्या होत्या तेच.

"काय झाला?" मोतीबाईने विचारलं. ती पत्राकडे बघत नव्हती, वृंदाताईंच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही म्हणतायत," वृंदाताई म्हणाल्या. "म्हणतायत की ते काम अतिरेक्यांचं होतं आणि अतिरेक्यांचा विमा तुम्ही घेतला नाही."

"अतिरेकी? ती पोरां?"

"हो."

"एजंट बोललेला, मावशी, आपले शेडीन अतिरेकी कशाला येतील, तो हप्ता कशाला भरायचा. मना पटला. पन त्यांना असा वाटला तरी कशावरनं?"

आता सांगायचं होतं. वृंदाताईंनी तोंड उघडलंही. पण एकतीस वर्षांचा शिक्का आडवा आला आणि त्या म्हणाल्या, "मी नीट वाचते. दोन दिवसांनी या." मोतीबाई उठली. जाताना म्हणाली की दसऱ्यापर्यंत पैसे आले नाहीत तर शेड भंगारवाल्याला भाड्याने द्यायची बोलणी झालीत, नऊ बायका घरी बसल्यात. ती गेल्यावर वृंदाताईंना स्वतःची लाज वाटली.

घरी हेमचंद्रांनी पत्र वाचलं, मग पॉलिसी वाचली. कारखान्यात असताना विम्याची कामं त्यांच्याकडेच असत. त्यांनी चार वाक्यांत समजावलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी अमेरिकेत टॉवर पडले तेव्हा जगातल्या बड्या विमा कंपन्यांनी हात वर केले, अतिरेक्यांनी केलेलं नुकसान आम्ही भरून देणार नाही म्हणाल्या. तेव्हा आपल्याकडच्या कंपन्यांनी मिळून एक सामाईक गंगाजळी केली आणि त्यासाठी वेगळा हप्ता ठेवला. भरला तर संरक्षण, नाहीतर ते वगळलेलं.

"पण वगळलेलं म्हणजे काहीही वगळलेलं नव्हे," हेमचंद्र म्हणाले. "व्याख्या ठरलेली आहे, सगळ्यांना एकच. कंपनीला मनाला येईल तशी ताणता येत नाही. हे बघ. राजकीय, धार्मिक किंवा तसल्याच एखाद्या विचारासाठी केलेलं कृत्य, आणि त्या हेतूने लोकांना घाबरवणं. हेतू महत्त्वाचा. प्यायला जागा मिळाली नाही ही काय विचारसरणी झाली? हे साधं मुद्दाम केलेल्या नासधुशीत बसतं, आणि ती नासधूस या पॉलिसीत आहे. शिवाय वगळलंय असं जो म्हणतो, सिद्धही त्यानेच करायचं असतं."

"त्यांनी सिद्ध केलंय की. माझ्या शब्दाने."

"डिक्शनरीत दहशतीला टेररच आहे. तुझी काय चूक?"

"डिक्शनरीत असेल," वृंदाताई म्हणाल्या. "आपल्या गल्लीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या टेबल न लावता थेट पोलीस ठाण्यात गेल्या. फिर्याद लिहिणारे हवालदार भगवंत जगे त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्या अक्षराशी तर वृंदाताईंचा जन्माचा स्नेह होता. त्यांनी विचारलं, "भगवंतराव, त्या पोरांनी दहशत माजवली असं मोतीबाई म्हणाली होती का?"

"नाही बा. ती म्हणाली, मेल्यांनी माझं मशीन फोडलं."

"मग तुम्ही का लिहिलंत?"

भगवंतरावांना प्रश्नच कळेना. "मॅडम, ते काय मी लिहिलेलं वाक्य नाही. 'आरोपी यांनी संगनमत करून, हातात लाकडी दांडके घेऊन, परिसरात दहशत माजवून'... हे टेबलासोबतच आलंय. माझ्या आधीचे हेच लिहायचे, त्यांच्या आधीचे पण हेच. त्याशिवाय फिर्याद उघडी-बोडकी वाटते."

"वर्गणीवरून मारामारी झाली तरी?"

"तरी दहशत. मागे त्या वळूने भाजीच्या गाड्या उलट्या केल्या, तेव्हा पण लोकांनी तक्रारीत दहशतच लिहून आणली होती. आता दहशत नाही तर काय लिहायचं, सांगा ना तुम्ही."

वृंदाताई हसल्या, दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि दुकानात परत येऊन माळ्यावरच्या जुन्या फायली उतरवायला लागल्या. केलेल्या प्रत्येक भाषांतराची एक प्रत ठेवायची त्यांची सवय होती. धर्मेश शिडी धरून उभा राहिला आणि धुळीने शिंकत राहिला. तीन दिवसांत त्यांनी एकतीस वर्षांतली दहशत वेगळी काढली. चाकू नाचवणारे दारुडे होते, नळाच्या पाण्यावरून भांडणारे शेजारी होते, मोकाट कुत्री होती, तो वळू होता, आणि एक बिबट्या होता. बदलापूरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याची शेळी बिबट्याने नेली होती. त्याने भरपाईसाठी केलेल्या अर्जात लिहिलं होतं, 'बिबट्याची दहशत'. त्यावर वृंदाताईंचं इंग्रजी, आणि इंग्रजीखाली त्यांचा शिक्का. त्या बिबट्यालासुद्धा त्यांनी टेरर दिली होती.

त्यांनी कंपनीला पत्र लिहून दिलं. कंपनीने एका महिन्याने तेच उत्तर नव्या तारखेने पाठवलं. मग विमा लोकपालांकडे तक्रार करायची ठरली. छोट्या धंद्याच्या मालकालाही तिथे जाता येतं आणि वकील लागत नाही. तक्रारीसोबत वृंदाताईंनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडायला घेतलं. त्यात शेवटी एक ओळ होती: 'सदर भाषांतरात "दहशत" या शब्दासाठी मी योजलेला इंग्रजी शब्द चुकीचा होता. चूक माझी आहे.'

प्रिंट काढताना धर्मेशने ती वाचली आणि त्याचा हात मशीनवरच थांबला. "ताई, ये क्या लिखा है? अपने हाथ से लिखके देगी कि गलती किया? साईं, धंद्यात असं कोण करतं? उद्या वकील लोग बोलेंगे टिपणीस मॅडम कच्ची आहे. पाटी उतारनी पडेगी."

"मग उतरव."

"अरे, मैं कायको उतारूं!" धर्मेश चिडला आणि त्याने ते पान दोनदा छापून दिलं, एक जादा, पैसे न घेता.

सांगायला सोपं वाटतं, पण वृंदाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. कामावर जो जगला त्याचं नाव गेलं तर उरतं काय? आणि त्याहून वाईट म्हणजे मोतीबाईला अजून सांगितलं नव्हतं. ती तीनदा येऊन गेली, सांगितलं तिथे अंगठा न देता मोठ्या अभिमानाने सही केली, स्टुलावर बसून घरची काकडी कापून दिली. वृंदाताईंनी काकडी खाल्ली आणि पुढचा कागद सहीला सरकवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

सुनावणी सप्टेंबरात, व्हिडिओवर. धर्मेशने त्या तासाभरासाठी झेरॉक्स मशीन बंद ठेवलं, दुकानापुढे स्वतः उभा राहिला आणि गिऱ्हाइकांना हाताने गप्प करत राहिला. कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या. पडद्यावर एका चौकटीत लोकपालबाई, पांढऱ्या केसांच्या, मराठी समजणाऱ्या. दुसऱ्या चौकटीत कंपनीचा अधिकारी, दूरच्या शहरातला, फक्त इंग्रजी आणि हिंदी बोलणारा. माणूस वाईट नव्हता. त्याच्यापुढे कागद होता आणि कागदावर शब्द होता, इतकंच.

तो म्हणाला, पोलिसांच्याच कागदात टेरर आहे, आम्ही काय करणार?

लोकपालबाईंनी वृंदाताईंना बोलायला सांगितलं. वृंदाताई उभ्या राहिल्या, त्यामुळे पडद्यावर त्यांचं फक्त पोट दिसायला लागलं, आणि धर्मेशने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"पोलिसांच्या कागदात टेरर नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "पोलिसांच्या कागदात दहशत आहे. टेरर माझ्या कागदात आहे. तो शब्द मी घातला, आणि तो चुकला. आमच्याकडे दहशत दारुडा माजवतो, वळू माजवतो. ही माझीच जुनी भाषांतरं जोडली आहेत. अकरा नंबरच्या पानावर बदलापूरचा बिबट्या आहे. त्याचीही दहशतच होती. त्याचा काही राजकीय हेतू होता असं मला वाटत नाही. त्याला शेळी हवी होती."

लोकपालबाईंनी तोंडावर रुमाल धरला. मग त्यांनी व्याख्या मोठ्याने वाचली आणि अधिकाऱ्याला विचारलं की या चौघांचा कुठला विचार होता, कुठली संघटना होती, याचा काही पुरावा आहे का. त्याने कागद चाळले. पुरावा नव्हता. मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला, आणि तो मोतीबाईला होता: या लोकांची तुम्हाला टेरर वाटली होती का? 'हो' आलं असतं तर त्याला पुन्हा ताणायला दोरी मिळाली असती.

भाषांतर करायचं होतं वृंदाताईंनीच. त्यांनी विचारलं, "मोतीबाई, तुम्हाला त्यांची दहशत वाटली होती का?"

"दहशत? मना?" मोतीबाई पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचं नाकच दिसायला लागलं. "अगो, त्यातल्या दोघांच्या बारशाला मी पालना हलवलाय. त्यांची मना कशाला दहशत? माझी त्यांना व्हती. म्हनून तं शेड बंद असतानी आयले."

वृंदाताईंनी ते इंग्रजीत नेलं, शब्द न शब्द, पाळण्यासकट. 'दहशत' आली तिथे त्या थांबल्या आणि साधं 'भीती' म्हणून पुढे गेल्या. एकतीस वर्षांत इतकं चांगलं भाषांतर आपण केलं नव्हतं असं त्यांना त्या क्षणी वाटलं, आणि लगेच आठवलं की मोतीबाईने आता सगळं ऐकलंय. त्यांनी चोरून शेजारी बघितलं. मोतीबाई पदराने नाक पुसत होती. ती फक्त धर्मेशला 'येते' म्हणाली आणि रिक्षात बसून निघून गेली.

पुढचे तीन आठवडे वृंदाताईंना काम होतं पण चव नव्हती. वकील यायचे बंद झाले नाहीत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. उलट एक तरुण वकीलबाई मुद्दाम येऊन म्हणाल्या की ज्या बाई स्वतःची चूक लिहून देतात त्यांचा शिक्का मला हवा. वृंदाताईंना बरं वाटलं, पण त्या वाट बघत होत्या दुसऱ्याच कुणाची, आणि ती येत नव्हती.

लोकपालांचा निकाल धर्मेशच्या ईमेलवर आला, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. नुकसान मुद्दाम केलेल्या नासधुशीतलं धरावं, अतिरेकी कृत्याचं कलम इथे लागू नाही, कंपनीने क्लेम द्यावा. धर्मेशने दुकानातल्या चार अनोळखी माणसांना मिठाई वाटली. वृंदाताईंनी टेबल आवरलं, कागद पिशवीत घातला आणि थेट एमआयडीसीला जाणारी रिक्षा पकडली.

मोतीबाई शेडीत होती. जळकी रिळं काढून झाली होती आणि तीन-चार बायका फरशी धूत होत्या, जसं काही निकाल त्यांना आधीच कळला होता. वृंदाताईंनी उभ्या उभ्या सगळं वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. बायकांनी खराटे टाकून टाळ्या वाजवल्या. मोतीबाईने डोळे मिटून हात जोडले. तिच्या ओठांवर कुठल्या देवाचं नाव होतं ते ऐकू आलं नाही.

"मोतीबाई," वृंदाताई म्हणाल्या, "ते पत्र तुम्ही पहिल्यांदा आणलंत, त्याच दिवशी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. माझ्याच शब्दाने तुमचं काम अडलं होतं."

"मना ठावं व्हता."

"काय?"

"पत्र आयला त्याच दिशी आमचे जिज्ञासानी फोनान घालून वाचून दाखवला. सून हुशार हाय माझी. तुझा नाव पन व्हता त्यात."

"मग माझ्याकडेच कशाला आणलंत ते?"

"सगले बोलले, दुसरे बाईकडं जा. मी बोलले, नको. गाठ जिनी मारली, तिलाच कलतं ती कुठशी सोडवाची." मोतीबाईने त्यांच्या हातातला कागद घेतला आणि नीट घडी घातली. "फकस्त बघाचा व्हता, तू सांगतेस का लपवतेस."

"मी लपवलं."

"त्या दिशी लपवलास. मंग साहेबांच्या म्होरं, माझ्या म्होरं बोललीस. माझे शेडीसाठी तुझी पाटी डावावर लावलीस. आता पुरं." तिने एक पुठ्ठ्याचा खोका उलटा करून त्यावर वृंदाताईंना बसवलं. आत जाऊन आली ती जाडजूड कागद घेऊन. एजंटने आजच आणून दिलेली, पुढच्या वर्षाची पॉलिसी.

"आता ही वाच. पयल्यापासनं. बारीक अक्षर पन सोडू नको. आनि इंग्रजी नको सांगू, मना समजंल असा सांग."

वृंदाताईंचे डोळे भरून आले होते, म्हणून चष्मा दोनदा पुसावा लागला. मग त्यांनी पहिलं पान उघडलं, आणि मोतीबाई, तिच्यामागून आलेली सून आणि खराटे बाजूला ठेवून जमलेल्या बायका यांच्यापुढे, एकेका शब्दापाशी थांबत, त्या वाचायला लागल्या.